भाड्यातच निम्मा पगार जातोय, स्वस्त शहरात शिफ्ट व्हायचं तर शहर कसं निवडायचं?

तुम्ही लिहिलंय की दोघं नोकरी करता, मुलगी शाळेत आहे, भाड्यात जवळजवळ निम्मा पगार जातो, तुमचं काम घरून चालतं पण मिस्टरांना ऑफिस आहे, आणि आता 'सगळ्यात स्वस्त आणि बरं शहर कोणतं' ते हवंय. नाव मी देणार नाही, कारण तुमच्यासाठी स्वस्त कुठलं ते तुमच्या बँक स्टेटमेंटमधून निघतं. आम्ही काही वर्षांपूर्वी हेच केलं आणि माझं कामही अकाउंट्सचंच, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी त्या 'जगातली स्वस्त शहरं' टाइप याद्या बाजूला ठेवा. मर्सर या सल्लागार कंपनीची यादी बातम्यांत येते, पण ती कंपन्यांसाठी असते, परदेशी पाठवलेल्या माणसाला भत्ता किती द्यायचा ते ठरवायला. तुलना न्यूयॉर्कच्या खर्चाशी डॉलरमध्ये करतात, त्यामुळे नुसता तिथल्या चलनाचा भाव पडला तरी शहर यादीत 'स्वस्त' होतं आणि तिथे पगार घेणाऱ्या माणसाच्या खिशात काहीच बदललेलं नसतं. नंबिओ या वेबसाइटवरचे आकडे लोकांनीच भरलेले असतात, आणि एक गोष्ट भरपूर जण बघतच नाहीत, त्यांचा जो मुख्य कॉस्ट ऑफ लिव्हिंग इंडेक्स (राहण्याच्या खर्चाचा आकडा) आहे त्यात भाडं धरलेलंच नाही, भाड्याचा इंडेक्स वेगळा आहे. तुमचा सगळा प्रश्नच भाड्याचा, आणि तुम्ही बघणार भाडं वगळलेला आकडा! नुसता अंदाज घ्यायला ठीक आहे, निर्णय त्यावर नको.

आता मुद्द्याचं. लहान शहरात दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने स्वस्त होतात, जागा आणि माणसाचं काम. म्हणजे घरभाडं, पाळणाघर, क्लास, दुरुस्तीवाले, केस कापणं, घरकामाची मदत असलं सगळं. बाकी मोबाइल, लॅपटॉप, फ्रिज, गाडी, चालू असलेलं लोन, ऑनलाइन सबस्क्रिप्शन, औषधं, विमानाची तिकिटं हे सगळीकडे जवळपास तेवढंच. म्हणून मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, कमी होणार, तेवढंच राहणार की वाढणार. तिसऱ्या कप्प्यातही बरंच निघतं बरं का. आमच्या शीटमध्ये भाड्याची ओळ निम्म्यावर आली आणि प्रवासाची चांगलीच फुगली, कारण जुन्या शहरात बस-ट्रेनवर भागत होतं आणि इथे दोघांना दोन दिशांना जायचं तर दुसरी गाडी घ्यावीच लागली, शिवाय आईवडील मागे राहिले, त्यांच्याकडे जाणंयेणं आलं.

तुमच्यासाठी एक कच्चा हिशोब करून दाखवतो, आकडे धरून चाललोय, तुमचे टाकून बघा. दोघांचे मिळून महिन्याला १०० येतात, तुमचे ५५ आणि मिस्टरांचे ४५. भाडं ४८. नवीन शहरात भाडं २४ झालं, वाचले २४, इथपर्यंत सगळे खूश असतात. आता मिस्टरांना तिथे ३० टक्के कमी पगाराची नोकरी मिळाली तर साडेतेरा गेले, उरले साडेदहा. दुसरी गाडी, तिचा हप्ता, इंधन, इन्शुरन्स मिळून ७, उरले साडेतीन. गावी जाणंयेणं २, उरला दीड. पाळणाघर वगैरे स्वस्त झाल्याचे ३ मिळवा, झाले साडेचार. म्हणजे भाडं निम्मं होऊनही हातात शंभरातले साडेचार जास्त, आणि त्यासाठी अख्खं घर हलवलं. याच हिशोबात मिस्टरांचा पगार तेवढाच राहिला तर साडेचारचे अठरा होतात. तेव्हा तुमचा प्रश्न भाड्याचा वाटत असला तरी सगळं अडलंय ते मिस्टरांच्या नोकरीवर.

म्हणून शहराची चौकशी तिथून सुरू करा. जॉब पोर्टलवर मिस्टरांच्या फील्डच्या त्या शहरातल्या जागा बघा, आज किती आहेत तेवढंच नको, दोनेक महिने अलर्ट लावून ठेवा आणि कंपन्या मोजा, जागा मोजू नका. एकच कंपनी दहा जागा काढत असेल तर ते शहर तुमच्यासाठी एकाच मालकाचं शहर आहे. तिथली नोकरी गेली की घर न हलवता दुसरी मिळेल का, हे विचारायचं. मोठ्या शहराचं महाग भाडं आपण थोडंफार यासाठीच भरत असतो, नोकरी गेली तर महिन्याभरात रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमध्ये दुसरी मिळू शकते. लहान शहरात पगार कमी असतो त्यापेक्षा ही सोय नसते याचाच फटका जास्त बसतो, पण ते कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाही.

आणि तुमचं स्वतःचं 'घरून चालतं' हेही तोंडी धरू नका. २०२० च्या मे महिन्यात फेसबुकने सांगूनच टाकलं होतं की स्वस्त ठिकाणी राहायला गेलात तर पगार त्या जागेप्रमाणे ॲडजस्ट होईल. बऱ्याच कंपन्यांची अशी पॉलिसी असते आणि ती शिफ्ट झाल्यावर कळते. एचआरला मेल टाका, उत्तर लेखी घ्या, दोन गोष्टींचं, पगार बदलणार का आणि उद्या ऑफिसला बोलावलं तर किती दिवसांची नोटीस देणार. मॅनेजर 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणाला याला काही अर्थ नाही, मॅनेजर बदलतात. देश बदलणार असाल तर टॅक्सचं वेगळंच प्रकरण आहे, बऱ्याच देशांत १८३ दिवसांचा नियम असतो, म्हणजे साधारण तेवढे दिवस राहिलात की तिथला टॅक्स लागू शकतो, तिथे सीए गाठा.

भाडं किती असावं याबद्दल ३० टक्क्यांचा नियम सगळे सांगतात, म्हणजे भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत हवं. तो अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्याच्या मर्यादेवरून आलाय, १९६९ मध्ये ती २५ टक्के होती, १९८१ मध्ये ३० केली. म्हणजे ती एक सरकारी मर्यादा, काही निसर्गनियम नाही. मला त्यापेक्षा शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेची पद्धत पटते, ते घर आणि प्रवास एकत्र धरतात आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तर परवडतंय म्हणतात. शहराच्या टोकाला स्वस्त घर घेऊन रोज दीड तास गाडी चालवणाऱ्यांचं गणित यात लगेच उघडं पडतं.

मग शॉर्टलिस्ट झाली की प्रत्येक शहराबद्दल एक प्रश्न विचारा, हे स्वस्त का आहे? अमेरिकेतलं डेट्रॉइट घ्या. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती होती, २०२० मध्ये साधारण ६ लाख ४० हजार. माणसं गेली पण घरं तिथेच उभी राहिली, म्हणून घरं स्वस्त. ग्लेझर आणि ग्योर्को या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, शहर वाढताना घरं बांधली जातात पण शहर आटताना ती नाहीशी होत नाहीत, त्यामुळे किंमत बांधकामखर्चाच्याही खाली जाते. पण त्याच डेट्रॉइटमध्ये प्रॉपर्टी टॅक्सचा दर आणि गाडीचा इन्शुरन्स अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये सगळ्यात जास्त असणाऱ्यांत मोडतात, आणि २०१३ मध्ये महापालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली होती. भाडं वाचतं ते असं दुसऱ्या खिडकीतून बाहेर जातं.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचं उलट आहे, तिथे जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात म्हणून भाडी आटोक्यात. मात्र महापालिकेचं घर मिळायला आधी दोन वर्षं तिथे अधिकृत पत्ता लागतो, म्हणजे नवीन माणसाला पहिली दोन वर्षं ते घर नाहीच. सरासरी भाडं कमी असलं तरी ते जुन्या भाडेकरूंचं असू शकतं. कुठेही आजच्या जाहिराती बघा आणि जमलं तर नुकतंच भाड्याने घर घेतलेल्या दोन-चार जणांना विचारा, सांगितलेलं भाडं आणि ठरलेलं भाडं यात फरक असतो.

तिसरा प्रकार म्हणजे अजून गर्दी पोचलेली नाही म्हणून स्वस्त. ती पोचते. कोविडमध्ये घरून काम करणारे अमेरिकेतल्या बॉइसी आणि ऑस्टिन या शहरांत गेले आणि दोन्हीकडे घरांचे भाव भडकले. ऑस्टिनमध्ये नंतर भाडी उतरली, कारण तिथे धडाधड नवीन घरं बांधली गेली. त्यामुळे मी आजच्या भाड्याइतकंच हे बघतो की नवीन बांधकाम चालू आहे का. क्रेन दिसत नसतील आणि बाहेरची माणसं येत असतील तर तुमची बचत दोन-तीन वर्षांत घरमालकाकडे जाणार.

जायच्या आधी तिथे राहून या, शक्यतो महिनाभर, आणि त्या शहराच्या सगळ्यात वाईट सीझनमध्ये, छान हवा असताना सगळीच शहरं आवडतात. घर बघायला संध्याकाळी जा, तेव्हा शेजारपाजारचे सगळे घरी असतात. नळ पूर्ण सोडून प्रेशर बघा, ज्या खोलीत तुम्ही कामाला बसणार त्याच कोपऱ्यात रात्री आठला नेटची स्पीड टेस्ट घ्या, अपलोडचा आकडा बघा कारण व्हिडिओ कॉल तिथेच अडकतो. रात्री औषधाचं दुकान किती लांब उघडं असतं ते चालत जाऊन बघा. घरात कुणाला नेहमीचा डॉक्टर लागत असेल तर त्या स्पेशालिटीचे डॉक्टर शहरात एकापेक्षा जास्त आहेत ना? एकच असेल तर तो सुट्टीवर गेला की तुम्ही परत मोठ्या शहराच्या रस्त्याला.

घर विकत घ्यायचा मोह पहिल्या वर्षी टाळा. किंमत कमी दिसते म्हणून माणूस पटकन घेतो, पण लहान शहरात विकायची वेळ आली की गिऱ्हाईक सापडायला महिनोन्महिने जातात. एक वर्ष भाड्याने, मग बघू.

शेवटचा आकडा, हलण्याचा खर्च. डिपॉझिट, दलाली, सामानाची गाडी, शाळेचं नवीन ॲडमिशन, दोन्हीकडे एक महिना भाडं, हे सगळं एकत्र करून महिन्याच्या खऱ्या बचतीने भागा. जितके महिने येतात तितके महिने तुम्ही नुकसानीतच राहणार. दीड वर्षाच्या आत वसूल होत असेल तर मी जाईन, तीन वर्षं लागत असतील तर त्याच शहरात तुमच्या ट्रेन लाइनवर चार स्टेशनं पुढे घर बघेन, त्यात मिस्टरांची नोकरीही राहते.

मिस्टरांचं फील्ड काय आहे आणि मनात कुठली दोन-तीन शहरं आहेत ते कमेंटमध्ये लिहा, तुमचे आकडे टाकून शीट करून देतो.