बेळगावात पहिलं घर घेताना नेमकं कुठे अडतं?

तुम्ही लिहिलंय की उद्यमबागेत नोकरी आहे, हातात 38 हजार येतात, वडील थोडीफार मदत करतील आणि ओळखीचा एजंट शहराबाहेर 'बाँडवरचा' 30 बाय 40 प्लॉट निम्म्या किमतीत देतोय. मी इथल्या एका सहकारी सोसायटीत कर्जाच्या फाइली बघतो, म्हणून सरळच सांगतो. आपल्याकडे माणूस किमतीपेक्षा कागदाला जास्त अडतो. तो प्लॉट स्वस्त आहे, कारण त्यावर कुठलीच धड बँक कर्ज देत नाही.

बाँडचं काय असतं बघा. शेत बिनशेती न करताच दगड रोवून प्लॉट पाडतात, मध्ये मुरूम टाकून रस्ता काढतात आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे विक्री लिहून देतात. उताऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहतं. उद्या त्याने पीककर्ज काढलं, तर बोजा तुमच्या अंगणावर चढला म्हणून समजा. तुम्ही घर बांधाल, लाईट येईल, घरफाळ्याच्या पावत्याही जमतील, पण पावतीने मालकी येत नाही. ती येते सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या खरेदीपत्राने. आणि 2024च्या ऑक्टोबरपासून ई-खात्याशिवाय (म्हणजे पालिका किंवा पंचायतीच्या दप्तरातली मालमत्तेची ऑनलाइन नोंद) खरेदीपत्र नोंदवता येत नाही, त्यामुळे असा प्लॉट पुढे विकायचा म्हटलं तरी पुन्हा बाँडवरच.

शहर हद्दीत असाल तर बिनशेती आदेश, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) लेआउट मंजुरी आणि महापालिकेचा ई-खाता मागा. पंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मालमत्तांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचे) फॉर्म 9 आणि 11अ. एजंट 11ब पुढे करून 'हेपण सरकारीच आहे की' म्हणेल. आहे सरकारीच, पण ते अनधिकृत जागेच्या नोंदीसाठी. शहरातल्या बी-खात्याचंही (अनधिकृत मालमत्तेची नोंद) तसंच: कर भरता येतो, कर्जाला बहुतेक बँका नाही म्हणतात.

आता दुसरी गोष्ट, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही: बहिणींच्या सह्या. शहापूर-वडगाव-अनगोळ भागातलं जुनं घर किंवा वडिलोपार्जित जागा असेल तर विकणारे दोघे-तिघे भाऊ पुढे येतात, बहिणी चंदगड-गडहिंग्लजकडे दिलेल्या. 'त्यांचं काही म्हणणं नाही' असं भाऊच सांगतात! हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जागेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि 2020मध्ये सुप्रीम कोर्टाने वडील हयात असोत-नसोत तो जन्मानेच असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे बहिणीची खरेदीपत्रावर सही हवी, नाहीतर नोंदवलेलं हक्कसोडपत्र. आमच्याकडे फाइल अडते ती बहुतेक इथेच. वंशावळ मागितली की विकणाऱ्याचा चेहरा बघा, निम्मं तिथेच कळतं.

पैशाचं गणित. 38 हजारांवर, दुसरं कर्ज नसेल तर, बँक साधारण निम्म्या पगाराचा हप्ता धरते. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी लाखाला 868 रुपये, म्हणजे तुम्हाला बसतात 22 लाखांच्या आसपास. ओव्हरटाईम रोखीत मिळत असेल तर तो हिशेबात धरत नाहीत. घर 30 लाखांचं धरलं तर वरचे 8 लाख तुमचे. शिवाय स्टॅम्प ड्युटी, सेस आणि 2025च्या ऑगस्टअखेर 1 टक्क्यावरून 2 टक्के झालेली नोंदणी फी मिळून शहरात 7.6 टक्के, म्हणजे अजून सव्वादोन लाख. हे कर्जात बसत नाहीत, खिशातून जातात. (45 लाखांपर्यंतच्या नव्या फ्लॅटच्या पहिल्या विक्रीला ड्युटीत सवलत आहे.)

विकणारा म्हणेल, 'खरेदी 20 लाखांचीच दाखवू, 10 लाख रोख द्या, ड्युटी वाचेल'. ड्युटी वाचते पाऊण लाख. पण बँक बघते कागदावरचे 20, देते जास्तीत जास्त 18, आणि तुम्हाला उभे करावे लागतात सव्वादहाऐवजी साडेतेरा लाख. वर जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही ते वेगळंच.

कागद कन्नडमध्ये असतात. जुन्या पेठांतल्या घराचे मुंबई राज्याच्या वेळचे कागद मराठीत, एखादा मोडीतला, पण आताचं खरेदीपत्र बहुतेक कन्नडच. आपली पोरं बोलतात फर्डं, वाचताना अडखळतात. रजिस्टरच्या आदल्या दिवशी मसुदा घरी आणा आणि एजंटचा नसलेल्या माणसाकडून रि.स.नं. (सर्व्हे नंबर), क्षेत्रफळ आणि चतुःसीमा मोठ्याने वाचून घ्या. मग त्याच कागदासह जागेवर उभे राहा. पूर्वेला रस्ता लिहिलाय आणि समोर कुणाचा गोठा दिसतोय, असं मी पाहिलंय.

टोकन मात्र आत्ता देऊ नका. आधी उतारा, 30 वर्षांची ईसी (जागेवरचे बोजे आणि नोंदलेले व्यवहार दाखवणारा दाखला) आणि खाता यांच्या झेरॉक्स घेऊन ज्या बँकेतून कर्ज काढणार तिच्या पॅनेलवरच्या वकिलाला दाखवा. त्याची फी दोन-चार हजार जाते, जाऊ दे. झेरॉक्स द्यायला एजंट टाळाटाळ करत असेल तर पुढचा प्लॉट बघा. आणि तुमच्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसेल, वार्षिक उत्पन्न 9 लाखांच्या आत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0मध्ये व्याजाची 1.80 लाखांपर्यंत सूट मिळू शकते. घर 35 लाखांच्या आतलं आणि कर्ज 25 लाखांपर्यंतचं लागतं. बँकेत पहिल्याच भेटीत विचारा, ते आपणहून सांगत नाहीत.