पुण्यातल्या फ्लॅटवर नाव आहे आणि इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये घर घेताय? आधी स्टॅम्प ड्यूटीचं बघा

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. सॉलिसिटरच्या (घरखरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाच्या) फॉर्मवर ‘फर्स्ट टाइम बायर’ला हो म्हणायचं का, नाशिकहून वडील देणार असलेले तीस हजार पौंड कसे आणायचे, ८४ वर्षं उरलेली लीज (फ्लॅटवरचा मुदतीचा हक्क) चालेल का, आणि घर विकून देणारा एजंट म्हणतो तसं येत्या शुक्रवारी एक्स्चेंज (खरेदीचा करार दोघांवर बंधनकारक होणं) करायचं का. शेवटच्याचं उत्तर सोपं आहे: नाही. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण एकट्या पहिल्या प्रश्नात, म्हणजे घरखरेदीवरच्या करात (स्टॅम्प ड्यूटीत), तुमचे साडेबावीस हजार पौंड अडकलेत. मी वकील नाही. इथे घरं घेतली-विकली आणि मित्रमंडळींचे कागद वाचता वाचता जे कळलं ते हे.

हिंजवडीच्या फ्लॅटच्या करारनाम्यावर वडिलांबरोबर तुमचं नाव आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा ‘फर्स्ट टाइम बायर’ला उत्तर ‘नाही’ असंच धरून चला. ‘इथे पहिल्यांदाच घेतोय की’ हा समज आपल्या लोकांत फार पसरलाय. कायद्याला जगात कुठेही, कधीही राहत्या घराची मालकी आलेली चालत नाही. मग ती विकत घेऊन आलेली असो, बक्षीस म्हणून मिळालेली असो की वारसाने.

आता आकडे. तुम्ही इथे घेताय तो फ्लॅट ३,५०,००० पौंडांचा. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी फर्स्ट टाइम बायरला पहिल्या तीन लाखांवर काही नाही, वरच्या पन्नास हजारांवर ५ टक्के, म्हणजे २,५०० पौंड. सवलत नसलेल्याला सव्वा लाखापर्यंत शून्य, पुढच्या सव्वा लाखावर २ टक्के आणि उरलेल्या लाखावर ५ टक्के, एकूण ७,५००. आणि ज्याच्याकडे आधीच दुसरं घर आहे त्याला या सगळ्यावर पूर्ण किमतीचे ५ टक्के जास्तीचे. म्हणजे १७,५०० अधिक ७,५००, बरोबर २५,०००.

तुम्ही यातल्या तिसऱ्या गटात बसता. जास्तीचा दर लागायला आधीच्या घरातल्या तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असावी लागते. हिंजवडीच्या एक कोटी वीस लाखांच्या फ्लॅटचा निम्मा हिस्सा साठ लाखांचा, म्हणजे सध्याच्या दराने पन्नास हजार पौंडांच्या आसपास. तिथे राहता की भाड्याने दिलाय, याने फरक पडत नाही.

‘बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर?’ तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी हा सल्ला दिलाय. तो चालत नाही. एकत्र राहणाऱ्या नवराबायकोचं जास्तीच्या दरासाठी एकच खातं मानतात. तिचं नाव कुठल्याच घरावर नसलं तरी तुमच्या हिंजवडीमुळे तिच्या खरेदीला जास्तीचा दर लागतो, आणि तो लागला की फर्स्ट टाइम बायरची सवलतही जाते.

दुसरा मुद्दा नुसत्या नावाचा. आपल्याकडे बाबा सगळे पैसे भरतात आणि पुढे धावपळ नको म्हणून मुलाचं नाव लावून ठेवतात. इंग्लंडच्या कायद्यात कागदावरचं नाव आणि खरी लाभाची मालकी या वेगळ्या गोष्टी असू शकतात, त्यामुळे इथे वादाला जागा आहे. पण गृहकर्जात तुम्ही सहकर्जदार होतात का? हप्ते किंवा व्याज स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलंत का? भाडं कुणाच्या खात्यात येतं? यातलं काही तुमच्याकडे बोट दाखवत असेल तर हा वाद टिकणं कठीण. शिवाय ‘मी फक्त नावापुरता’ असं लेखी दिलंत की भारतातही त्याचे अर्थ निघतात. तिकडच्या सीएला आणि इकडच्या स्टॅम्प ड्यूटी जाणणाऱ्या करसल्लागाराला विचारूनच काय ते लिहा. तुमच्या कन्व्हेअन्सरवर (खरेदीचे कागद करणाऱ्या सॉलिसिटरवर) हे टाकू नका. बहुतेक जण करसल्ला देत नसल्याचं पहिल्याच पत्रात लिहून मोकळे होतात. स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न ते भरतात, जबाबदारी तुमची राहते. एचएमआरसीला (इथल्या करखात्याला) जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचं आढळलं तर ते वीस वर्षं मागे जाऊ शकतात.

तिसरा मार्ग कामाचा आहे, पण वेळखाऊ. मालकी मोजतात ती कम्प्लिशनच्या, म्हणजे घर ताब्यात येण्याच्या, दिवसअखेरीस. त्याआधी तुमचा हिस्सा वडिलांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड किंवा बक्षीसपत्राने झाला असेल आणि दोघांच्या नावावर दुसरं घर उरलं नसेल, तर २५,००० ऐवजी ७,५०० भराल. फर्स्ट टाइम बायर मात्र तरीही होणार नाही. एकदा मालकी आली ती पुसता येत नाही. तिकडे जायला जमणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र करावं लागेल. ते इथून भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर तिकडचं मुद्रांक शुल्क भरायचं, मग दुय्यम निबंधकाकडे दस्त. आणि एक मेख आहे: वडिलांना फुकट दिलंत तरी इथला कर कायदा ते बाजारभावाने विकल्यासारखं धरतो, त्यामुळे कॅपिटल गेन्सचा प्रश्न उभा राहतो. तुम्ही नुकतेच आला आहात, तेव्हा नव्याने आलेल्यांना एप्रिल २०२५ पासून पहिल्या चार वर्षांसाठी परदेशी उत्पन्न-नफ्यावर जी सूट मिळते ती तुम्हाला लागू आहे का, हे त्याच सल्लागाराला विचारून घ्या.

जाता जाता: सातबाऱ्यावर नाव असलेली नुसती शेतजमीन यात येत नाही, ती राहतं घर नव्हे. आजोबांच्या मागे गावच्या वाड्याला वारस म्हणून नाव लागलं असेल तर मात्र फर्स्ट टाइम बायरच्या प्रश्नात तो वाडा येतो. चार काकांत वाटलेला हिस्सा सहसा ४०,००० पौंडांच्या खाली असतो, त्यामुळे जास्तीच्या दरातून सुटतो, पण सवलत जाते ती जातेच.

आता वडिलांचे पैसे. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली भारतात राहणारी व्यक्ती आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते, तेव्हा मर्यादेची चिंता नाही. चिंता टीसीएसची (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर). दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापते. ३५ लाख पाठवायचे तर वडिलांच्या खात्यात आणखी ५ लाख हवेत. ते पुढे त्यांच्या आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. आईच्या स्वतःच्या ठेवी असतील तर दोघांनी निम्मे निम्मे पाठवावेत. दहा लाखांची सूट प्रत्येकाला वेगळी, त्यामुळे कपात ५ वरून ३ लाखांवर येते. मात्र मग सॉलिसिटरला दोघांचेही कागद द्यावे लागतात.

कागद म्हणजे काय? पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, काही महिन्यांची बँक स्टेटमेंट, आणि ते पैसे वडिलांकडे कुठून आले याचा पुरावा. मोडलेल्या एफडीची पावती चालते. जमीन विकून आलेले असतील तर खरेदीखत, आणि ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. सोबत गिफ्ट लेटर: ही भेट आहे, परत घेणार नाही, घरात हिस्सा मागणार नाही. मनात ‘नंतर फेडू’ असं असेल तर ते कर्ज ठरतं आणि मॉर्गेज देणाऱ्याला सांगावं लागतं. सॉलिसिटरचे प्रश्न वडिलांना अपमानास्पद वाटण्याची शक्यता आहे. ‘माझ्यावर संशय?’ असा फोन येण्याआधीच त्यांना सांगून ठेवा की मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे हे इथे सगळ्यांनाच विचारतात.

लीजबद्दल. ८४ वर्षांना सॉलिसिटर ‘ठीक आहे’ म्हणतो ते बँकेच्या अटीपुरतं. तुमच्यासाठी रेषा ८० वर्षांची. त्याखाली गेलं की लीज वाढवताना ‘मॅरेज व्हॅल्यू’चा (लीज वाढल्याने किमतीत पडणाऱ्या भरीचा) वाटा जमीनमालकाला द्यावा लागतो आणि खर्च एकदम उडी मारतो. २०२४ च्या कायद्याने तो रद्द व्हायचाय, पण हे लिहीपर्यंत तो भाग लागू झालेला नाही. होईल या भरवशावर बसू नका. चांगली बातमी अशी की आधी दोन वर्षं मालक असण्याची अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. खरेदीची लँड रजिस्ट्रीत नोंद झाली की लगेच अर्ज करता येतो. जुन्या नियमानेही ९० वर्षं वाढून मिळतात आणि ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं भाडं) शून्यावर येतो. तो खर्च आत्ताच एखाद्या व्हॅल्युअरकडून काढा आणि किमतीत घासाघीस करा.

इमारतीची देखभाल बघणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडून येणारं एलपीई१चं (लीजच्या फ्लॅटची माहिती देणाऱ्या फॉर्मचं) पाकीट स्वतः वाचा. मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब, रिझर्व्ह फंडात किती आहे, आणि सेक्शन २० ची नोटीस निघालीय का. एका फ्लॅटमागे २५० पौंडांपेक्षा जास्त पडणाऱ्या दुरुस्तीसाठी ती काढावी लागते. छताची नोटीस निघाली असेल तर ते बिल कुणी भरायचं हे एक्स्चेंजच्या आधी ठरलं पाहिजे.

आणि शुक्रवार. एजंटला पैसे देतो तो घर विकणारा, एजंटची घाई तुमची नव्हे. एक्स्चेंज होईपर्यंत दोघांपैकी कुणीही विनाकारण, विनादंड मागे फिरू शकतो. झाल्यावर माघार घेतलीत तर साधारण १० टक्के, म्हणजे तुमचे ३५,००० पौंड जातात. सर्चेस (घराबद्दलच्या नोंदींची तपासणी) यायचेत, एलपीई१ आलेलं नाही, वडिलांचे पैसे नाशिकला आहेत आणि स्टॅम्प ड्यूटी किती हेच ठरलेलं नाही. एजंटला लेखी कळवा की चौकशीची उत्तरं आणि निधी आल्यावर सॉलिसिटर तारीख देतील. विकणारा दुसऱ्याला देईल ही भीती खरी आहे, इथे तसं घडतं, पण २५,००० चं बिल कम्प्लिशननंतर १४ दिवसांत भरायचं असतं आणि ते मॉर्गेजमधून मिळत नाही.

लीजमधलं ग्राउंड रेंटचं कलम शब्दशः इथे टाका. दर किती वर्षांनी आणि कशाच्या प्रमाणात वाढतो ते बघून त्यावर बोलू.