एकटेपणा आणि स्क्रीनवरची सोबत, दोन्ही एकाच पोस्टरमध्ये कसं दाखवायचं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या असाइनमेंटसाठी तीन स्केचेस केलीत आणि तिन्हींत अंधाऱ्या खोलीत मोबाइल धरून बसलेला माणूसच आला, चेहऱ्यावर निळा उजेड. माझं ऐका, माणूस काढूच नका. दोन चौकटींमधली फट काढा.

असं का म्हणतो ते सांगतो. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा मी लालबागला चाळीत एकटा होतो, आई साताऱ्याला. कामाच्या मीटिंगा झूमवर सुरू झाल्या आणि 'गॅलरी व्ह्यू' हा शब्द पहिल्यांदा समोर आला. आम्हा चाळकऱ्यांची गॅलरी म्हणजे खोल्यांपुढून जाणारा सामाईक व्हरांडा. दारं दहा, कठडा एक. त्या कठड्यावर टॉवेल वाळतात, त्याच्यावर रेलून भांडणं होतात, वाटीभर साखर या दारातून त्या दारात जाते. स्क्रीनवरच्या गॅलरीत पंचवीस चौकटी होत्या, सगळे चेहरे ओळखीचे होते, आणि कठडा नव्हता. मला जे टोचत होतं ते नेमकं हे होतं.

मग मी चाळ समोरून दिसते तशी आखली. प्रत्येक दार म्हणजे एक चौकट. कठडा पुसून टाकला. चित्र लगेच एकटं झालं, पण सोबत कुठेच दिसेना. ती सापडली आपल्या लिपीत. मोडी, म्हणजे मराठीची जुनी वळणदार लिपी, लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढायचे आणि मग अक्षरं तिला खाली टांगायचे, शब्दांमध्ये जागासुद्धा सोडायचे नाहीत. रेघ आधी, अक्षरं मागाहून! आई रोज रात्री कॉलवर पहिलं विचारायची, 'जेवलास का?' जे, व, ला, स, का. पाच अक्षरं, पाच खोल्या. एकेका दारात एकेक अक्षर ठेवलं आणि जिथे कठडा होता तिथून सगळ्यांवरून एकच शिरोरेषा ओढली. रेघ बोटाने झाकली की पाच सुटी अक्षरं उरतात. बोट उचललं की कुणीतरी विचारपूस करतंय. मला हवं ते दोन्ही एका रेघेत आलं.

रंगांबद्दल एक सांगतो. पिवळी खोली आणि निळा स्क्रीन ही जोडी सगळीकडे दिसते, पण ती आपल्या घरांतली नाही. आपल्याकडच्या 'कूल डेलाइट' ट्यूबलाइटचा पांढरा साधारण 6500 केल्विनचा असतो (केल्विन म्हणजे उजेडाची छटा पिवळट की निळसर हे सांगणारं माप) आणि स्क्रीनचा पांढराही ठरलेल्या मानकानुसार तेवढाच. म्हणजे ट्यूबच्या उजेडात फोन वेगळा उठून दिसतच नाही. मी तोच पांढरा सगळीकडे वापरला, आणि चित्र जास्त खरं वाटलं.

चेहरा हवाच असेल तर नजर चुकवा. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो, त्यामुळे मी आईच्या डोळ्यांत पाहायचो तेव्हा तिला माझ्या झुकलेल्या पापण्या दिसायच्या. तिचा फोन कायम कलता. मला दिसायचं तिचं कपाळ, कुंकू आणि वर फिरणारा पंखा. ती चौकट मी जशीच्या तशी जपून ठेवलीय. असं अर्धं कपाळ कापलेलं चित्र लोक बघतात तेव्हा त्यांना आपापली आई दिसते.

वारली चित्रांतला तारपा नाचही जरूर बघा. हात गुंफलेल्या माणसांची साखळी वळत जाते, मध्ये तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घेतलेला तारपावाला. त्या साखळीत एका माणसाएवढी जागा रिकामी सोडली तर काय होतं, ते पेन्सिलने करून बघण्यासारखं आहे.

सुरुवात मात्र चित्रापासून नको. तुमच्या घरी कॉलवर पहिला प्रश्न कोणता विचारतात तो लिहून काढा. त्यातली अक्षरं मोजा आणि तेवढ्याच चौकटी आखा.