शिल्लक माल जिथे ठरतो, तिथे काम शोध

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फॅशनमध्ये, तेही मोठ्या, नावाजलेल्या ब्रँडमध्ये काम करायचं हे मी शाळेपासून ठरवलं होतं. पण हे ब्रँड न खपलेले कपडे आणि बॅगा चक्क जाळून टाकतात असं वाचलं आणि मन उडालं. आता वाटतं, हे क्षेत्रच सोडावं किंवा टाकाऊ कपड्यांपासून नवे कपडे करणारी डिझायनर व्हावं. घरचे म्हणतात, चित्रकलेत गती नाही, मग डिझाइनचा हट्ट कशाला? मी काय करू?

उत्तर : तू वाचलंस ते खरं आहे. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने 2017-18 या एका वर्षात 2 कोटी 86 लाख पौंडांचा तयार माल नष्ट केला. त्यातला 1 कोटी 4 लाखांचा माल सौंदर्यप्रसाधनांचा होता, कारण तो व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे सोपवला जात होता. बातमीवर लोक इतके संतापले की सप्टेंबर 2018मध्ये कंपनीने हा प्रकार बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण हा आकडा बाहेर कसा आला, हे तुला सांगायला हवं. तो कंपनीच्या स्वतःच्या वार्षिक अहवालात छापलेला होता. ज्यांना ताळेबंद वाचता येतो त्यांनी तो वाचला आणि मग जगाला कळलं. तुझ्या शाखेचा फॅशनशी संबंध नाही असं तुला वाटत असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेव.

आता मुख्य मुद्दा. माल जाळला जातो तो मोसमाच्या शेवटी, पण तो उरणार हे ठरतं दुकानात कपडा लागण्याच्या कितीतरी महिने आधी, कारखान्याला किती नगांची ऑर्डर द्यायची हे ठरतं तेव्हा. ते काम डिझायनरचं नसतं. बायर आणि मर्चंडाइझ प्लॅनर या दोन माणसांचं असतं. कोणत्या दुकानात कोणता रंग, कोणत्या मापाचे किती नग, कापडगिरणीची किमान ऑर्डर किती, हे सगळं ते ठरवतात. मापांचा अंदाज चुकला की मधली मापं पहिल्या काही आठवड्यांत संपतात आणि टोकाची मापं अंगावर पडतात. डिझाइन उत्तम असूनही माल पडून राहतो तो असा.

अंदाज चुकतात हे कुठल्याही धंद्यात होतं. मग महागड्या फॅशनमध्येच हे इतकं का बोचतं? त्याचं उत्तर ऑपरेशन्स रिसर्चमधल्या, म्हणजे धंद्यातले निर्णय गणिताने घेण्याच्या शास्त्रातल्या, एका जुन्या गणितात आहे. त्याला वृत्तपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात: सकाळी किती प्रती उचलायच्या, कारण संध्याकाळी उरलेली प्रत रद्दी. समज, एक जॅकेट बनवून दुकानात पोचवायला 100 लागतात आणि ते 800ला विकलं जातं. चलन कोणतंही धर. जॅकेट नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेलं तर 700 बुडाले. जॅकेट उरलं तर फक्त 100 बुडाले. मग शेवटचा नग विकला जाण्याची शक्यता आठात एक इतकी कमी होईपर्यंत ऑर्डर वाढवत नेणंच फायद्याचं ठरतं. म्हणजे आठ मोसमांपैकी सातांत काही ना काही उरणार, हे या हिशेबात आधीच धरलेलं आहे! नफ्याचं अंतर जितकं मोठं, तितकं जास्त बनवणं शहाणपणाचं ठरतं. शिल्लक माल नेहमी कुणाच्या निष्काळजीपणातून येतो असं नाही, अगदी चोख गणितातूनही तो येतो, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करते.

उरलेला माल स्वस्तात का विकत नाहीत, हे तुला ठाऊक असेलच. काही ब्रँड सेल लावतच नाहीत, कारण एकदा किंमत उतरली की पुढच्या वेळी पूर्ण किंमत द्यायला गिऱ्हाईक तयार होत नाही. आउटलेट, कर्मचाऱ्यांसाठीची विक्री, सॅम्पल सेल या वाटा आहेत, पण तिथून माल ग्रे मार्केटमध्ये, म्हणजे ब्रँडच्या परवानगीशिवाय चालणाऱ्या बाजारात, जाईल ही धास्ती असते. त्यात काही देशांची करव्यवस्थाही हातभार लावते. अमेरिकेत आयात केलेला माल न वापरता सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखाली नष्ट केला, तर भरलेल्या आयातशुल्काचा 99 टक्क्यांपर्यंत परतावा मागता येतो. नष्ट करणाऱ्याला पैसे परत मिळतात, याहून उलटं प्रोत्साहन मला तरी सुचत नाही.

हे गणित आता बदलतं आहे, आणि म्हणूनच क्षेत्र सोडू नकोस असं मी तुला अगदी आग्रहाने सांगतो. फ्रान्सने 2020मध्ये कायदा केला आणि 2022पासून न खपलेले कपडे जाळण्यावर, पुरण्यावर बंदी आणली. ते दान करा, पुन्हा वापरा किंवा रिसायकल करा, असा पर्याय ठेवला. युरोपीय संघाचा 2024चा नियम त्यापुढे जातो. मोठ्या कंपन्यांना कपडे, पादत्राणं आणि कमरेच्या पट्ट्यांसारख्या वस्तू नष्ट करायला 19 जुलै 2026पासून मनाई, मध्यम कंपन्यांना 2030पासून. किती न खपलेला माल टाकून दिला आणि का, हेही मोठ्या कंपन्यांनी जाहीर करायचं. त्या नियमाच्या व्याख्येत रिसायकल करणं हेदेखील नष्ट करण्यातच मोडतं. नवा कोट फाडून त्याचे धागे करणं हा नियमाच्या दृष्टीने त्याचा उपयोग नव्हे.

वरच्या हिशेबात परत जाऊ. उरलेलं जॅकेट साठवायला, दुरुस्त करायला, योग्य हातात पोचवायला आणखी 200 लागू लागले, तर थांबायची जागा आठात एकवरून दहात तीनवर येते. ऑर्डर खाली येते. माल बनतच नाही. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या 2024च्या अंदाजानुसार युरोपच्या बाजारात येणाऱ्या कापडी वस्तूंपैकी 4 ते 9 टक्के वापराआधीच नष्ट होतात, म्हणजे दरवर्षी 2 लाख 64 हजार ते 5 लाख 94 हजार टन. ऑर्डरच्या आकड्यात झालेला थोडासा बदलही या ढिगापुढे मोठा आहे. हा बदल घडवून आणायला माणसं लागणार आहेत.

डिझाइनच्या वाटेबद्दलही सांगतो. उरलेल्या कापडाला, चामड्याला नवं रूप देणं हे सुंदर काम आहे. एर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडचा ‘पेती आश’ विभाग 2010पासून ते करतो, आणि एलव्हीएमएच या फ्रेंच फॅशन समूहाच्या नोना सोर्स या विक्रीमंचावर 2021पासून मोठ्या फॅशन घराण्यांचं उरलेलं कापड नव्या डिझायनरांना विकलं जातं. पण यासाठी हातात कसब हवं. तयार कोट उसवणं, अस्तर, चेन, बटणं वेगळी करणं ही सगळी हाताची, वेळखाऊ कामं आहेत. मिश्र धाग्यांचं कापड तर परत धाग्यात आणणंच अवघड. शिवणकामाची ओढ असेल तर जरूर जा. पण तुझ्या पत्रात शिवणाचा, कापडाचा एक शब्द नाही. आहे तो वाया जाणाऱ्या मालाबद्दलचा राग. आणि तो अगदी योग्य आहे. त्या रागाला कामाची जागा प्लॅनरच्या खुर्चीत मिळेल. घरच्यांचं चित्रकलेबद्दलचं म्हणणं तिथे लागूही पडत नाही.

पदवी पूर्ण कर. सांख्यिकी हा विषय मन लावून शिक, विशेषतः संभाव्यता आणि मागणीचा अंदाज. स्प्रेडशीटवर हात बसव, मग डेटाबेसमधून माहिती काढायला शीक. कापडाची प्राथमिक ओळख करून घे; लोकर, रेशीम आणि पॉलिएस्टर यांतला फरक न कळणाऱ्या प्लॅनरला कारखान्यातलं कुणी मोजत नाही. एक पूर्ण मोसम कपड्यांच्या दुकानात विक्रीचं काम कर, पगार कमी असला तरी. गिऱ्हाईक माप नाही म्हणून परत जातं ते डोळ्यांनी पाहिलेलं असलं, की आकडे वेगळे दिसतात.

पुढच्या शिक्षणासाठी फॅशन मर्चंडाइझिंग किंवा सप्लाय चेन यांपैकी काहीही चालेल, फक्त अभ्यासक्रमात साठा नियोजनाचा स्वतंत्र विषय आहे का ते पाहा. नसेल तर नाव कितीही मोठं असो, तिथे फी भरू नकोस. ‘सस्टेनेबिलिटी’ असं नाव असलेल्या पदांना भुलू नकोस. त्यातली बरीच पदं अहवाल लिहिण्यापुरती असतात आणि ऑर्डरचा आकडा ठरतो त्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते. मुलाखतीत विचार: मोसम संपल्यावर उरलेल्या मालाचा हिशेब कोण ठेवतं, आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी तो कुणी वाचतं का?

या सुट्टीत एक काम कर. शेअर बाजारात नोंद असलेल्या कोणत्याही दोन फॅशन कंपन्यांचे मागच्या पाच वर्षांचे अहवाल काढ. विक्री किती वाढली, साठा किती वाढला आणि न खपणाऱ्या मालासाठी किती तरतूद केली, हे तीन आकडे एका तक्त्यात मांड. विक्रीपेक्षा साठा वेगाने वाढलेला दिसला की त्या वर्षीच्या टिपा नीट वाच. तक्ता तयार झाला की मला पाठव, मग कोणत्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा ते आपण ठरवू.