कंपनी गेली, बिले राहिली

गेल्या दोन महिन्यांत या करसल्ल्याच्या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांचा विषय एकच आहे. गोव्यातल्या औद्योगिक वसाहतीतली मोठी कंपनी गाशा गुंडाळते आहे आणि तिच्या भोवती उभे राहिलेले कॅन्टीनवाले, ट्रकमालक, दुकानदार विचारताहेत की आता कराचे ओझे आमच्या डोक्यावर येणार का. काही पत्रांतली वाक्ये थोडी छाटली आहेत, कंपन्यांची नावे गाळली आहेत. प्रश्न तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : आमच्या जवळची कंपनी सरकारला कोट्यवधींचा जीएसटी देत होती. ती गेल्यावर सरकार ती तूट आमच्यासारख्यांकडूनच वसूल करणार ना? (हार्डवेअर दुकानदार, वेर्णा)

तुमचे पहिले वाक्यच आधी तपासू. कंपनी जीएसटी भरत होती हे खरे, पण त्यातला गोव्याच्या वाट्याला किती येत होता? १ जुलै २०१७ पूर्वी वेर्ण्यातून माल पुण्याला गेला की त्यावरचा केंद्रीय विक्रीकर गोव्याच्या तिजोरीत पडायचा. दर उतरत उतरत २ टक्क्यांवर आला होता, तरी तो पैसा इथलाच होता. जीएसटीचा हिशेब उलटा आहे. माल जिथे खपतो त्या राज्याचा कर. वेर्ण्यात तयार झालेली गोळी पुण्याच्या औषध दुकानात विकली गेली, तर राज्याचा वाटा महाराष्ट्राला जातो. गोव्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १४.५८ लाख. इथे बनते पुष्कळ, खपते थोडे. यात महसूल घटलेल्या राज्यांना पहिली ५ वर्षे केंद्राने भरपाई दिली, ती जून २०२२ मध्ये संपली.

म्हणून कंपनी गेली की राज्याचे नुकसान होते ते दुसऱ्या वाटेने. वीज खाते सरकारचे, त्याचे एक मोठे गिऱ्हाईक जाते. कामगाराचा पगार मडगाव-वास्कोच्या दुकानांत खर्च व्हायचा, त्यावरचा कर जातो. खाणींचे मात्र वेगळे होते. लोहखनिजाची रॉयल्टी थेट राज्याची, त्यामुळे २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा तिजोरीला तो धक्का लगेच जाणवला.

आता तुमची भीती. जीएसटीचा दर गोव्याला एकट्याने वाढवता येत नाही. तो जीएसटी परिषदेत ठरतो, तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागते. राज्याच्या हातात उरते ते पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरची अबकारी, रस्ता कर, मुद्रांक शुल्क, परवाने. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला आणि पंपावर लिटरमागे ११ रुपये उतरले, हे तुम्हाला आठवत असेल. ते दिवस टिकले नाहीत. तेव्हा धास्ती घ्यायचीच तर डिझेलची घ्या.

कंपन्या का जातात, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. केरीच्या पठारावरचा नायलॉन प्रकल्प नव्वदच्या दशकात लोकांनी लढून घालवला, ती गोष्ट निराळी. बाकीच्यांचे उत्तर बहुतेकदा करसवलतीत सापडते. त्याच दशकात गोवा प्राप्तिकर कायद्यात औद्योगिकदृष्ट्या मागास राज्यांच्या यादीत होता, नव्या कारखान्यांना काही वर्षे करमाफी मिळायची. २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला अबकारी माफी दिली आणि औषध कंपन्यांची रांग हिमाचलमधल्या बद्दीला लागली. छोट्या दुकानदाराला अशी रांग लावता येत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक कोपऱ्यावर राहते.

प्रश्न : मी कंपनीचे कॅन्टीन चालवते. महिन्याला साधारण २ लाख ४० हजारांचे बिल. ७ महिन्यांचे पैसे आले नाहीत, आणि आता यंत्रे ट्रकवर चढताना दिसताहेत. मी मात्र प्रत्येक बिलावरचा जीएसटी खिशातून भरला. तो परत मिळेल का? (कुंडई)

ताई, वाईट बातमी आधी. नाही. जीएसटी बिलावर लागतो, पैसे हातात येण्याची वाट पाहत नाही. तुमची ७ बिले म्हणजे १६ लाख ८० हजार, त्यावर ५ टक्के म्हणजे ८४ हजार रुपये तुम्ही भरलेत. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून भरलेला जीएसटी परत करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. बुडीत रकमेपोटी क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढून कर कमी करा, असा सल्ला कुणी दिला असेल तर तो मानू नका. क्रेडिट नोटची कारणे कायद्यात ठरलेली आहेत, ‘पैसे दिले नाहीत’ हे त्यात नाही. आणि ५ टक्क्यांच्या दरात तुम्हाला तांदूळ-तेल-गॅसवरचे इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही, मिळत नाही, म्हणजे मार दोन्हीकडून. आमच्या धंद्यात आम्ही याला ‘दुसऱ्याचा कर आपल्या पदरचा’ म्हणतो. कराचे ओझे म्हणतात ते मला तरी इथे दिसते, दराच्या तक्त्यात नाही.

आता जे करता येते ते. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी, आहे का, आणि कोणत्या तारखेची? कॅन्टीन सुरू होण्याआधीची असेल तर तुमची बाजू भक्कम. नंतरची असेल तर त्याआधीच्या बिलांवर समोरचा वकील वाद घालणारच. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. अर्ज अशा थकबाकीचे तंटे सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करायचा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला आव्हान द्यायचे असेल, तर रकमेच्या ७५ टक्के आधी जमा करावी लागते. ही अट वाचली की पुष्कळ हिशेबनीस अचानक फोन उचलू लागतात.

अर्जाआधी एक साधे पत्र पाठवा, नोंदणीकृत डाकेने, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला. कुंडईच्या गेटवर नव्हे, तिथला सुरक्षारक्षक सही करून देईल आणि महिन्याने तो रक्षकही नसेल. पत्रात दोन गोष्टी लिहा. एक, सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी प्राप्तिकरात वजा करता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच मिळतो. २०२३-२४ पासून हा नियम आहे. दोन, ४५ दिवसांवरची अशी देणी कंपनीला दर सहा महिन्यांनी कंपनी निबंधकाला कळवावी लागतात.

कारखाना हलला म्हणजे कंपनी बुडाली असे नाही. ती दुसऱ्या राज्यात जिवंत असेल तर वसुली होते. दिवाळखोरीत गेली असेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, तिच्या मुदतीत दावा दाखल करा. रांगेत तुमचा नंबर बँका आणि कामगारांच्या मागे असेल, पण दावाच केला नाही तर रांगेतसुद्धा नसाल. आणि पैसे शेवटी आलेच नाहीत तर प्राप्तिकरात ते बुडीत म्हणून वजा करता येतात. मात्र त्यासाठी नीट वह्या ठेवलेल्या हव्यात, ठोक टक्केवारीने उत्पन्न दाखवत असाल तर ही वजावट वेगळी मिळत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, भागीदारी फर्म, सुटे भाग बनवतो. आमच्यावर ३० टक्के कर आणि आम्हाला सोडून गेलेल्या कंपनीवर २२. हा कुठला न्याय? (बेतोडा)

राग रास्त आहे. शिवाय तो निर्णय २० सप्टेंबर २०१९ रोजी जाहीर झाला तो आपल्या पणजीतच. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी आलेल्या निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत कंपनी कर २२ टक्क्यांवर आणला, अधिभार-उपकर धरून २५.१७. नव्या कारखान्यांना तेव्हा १५. भागीदारी फर्मचा दर होता तिथेच राहिला : ३० टक्के, उपकरासह ३१.२.

पण दर बघून रडण्याआधी तुमचा भागीदारी करार काढा. तुमचा नफा १५ लाख धरू. दोघेही काम करणारे भागीदार असाल आणि करारात मेहनतान्याचे कलम असेल, तर २०२४-२५ पासूनच्या मर्यादेनुसार पहिल्या ६ लाखांचे ९० टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि उरलेल्या ९ लाखांचे ६० टक्के म्हणजे तेवढेच. एकूण १० लाख ८० हजार मेहनताना म्हणून बाहेर गेले. फर्मकडे राहिले ४ लाख २० हजार, कर १ लाख ३१ हजारांच्या आसपास. दोघांच्या हाती ५ लाख ४० हजार प्रत्येकी, दुसरे उत्पन्न नसेल तर प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे १५ लाखांवर ९ टक्क्यांहून कमी.

गेल्याच महिन्यात मडकईच्या एका फर्मचा करार पाहिला. १९९८चा, टंकलिखित, मेहनतान्याच्या ओळीपुढे ‘परस्परसंमतीने ठरेल’ एवढेच. अशा ओळीवर वजावट मिळत नाही, रक्कम किंवा ती काढायची रीत लिहिलेली लागते. सत्तावीस वर्षांत कुणी ते पान उलटले नव्हते. आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांवरच्या मेहनताना-व्याजावर फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा आहे, ते विसरू नका.

प्रश्न : कारखान्याच्या गेटसमोर माझे किराणा दुकान, बाजूला चहा-भजीचा गाडा. उलाढाल ९० लाखांवरून ३० लाखांवर आली. ४० लाखांच्या आत आहे, मग जीएसटी नोंदणी रद्द करू का? (डिचोली)

गाड्यानेच घात केला. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. चहा-भजी ही सेवा, त्यामुळे तुमची मर्यादा २० लाख. गाडा खरोखरच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर, त्याच्या हिशेबाने चालत असेल तर गोष्ट वेगळी, पण केवळ कागदावर नाव बदलू नका.

रद्द करण्याचे ठरलेच तर दुकानातल्या शिल्लक मालावर घेतलेले क्रेडिट परत भरावे लागते, आणि तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र द्यावे लागते. लोक नोंदणी रद्द करतात आणि हे शेवटचे पत्रक विसरतात, मग वर्षाने दंडाची नोटीस येते. तुम्हाला कॉम्पोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरलेला छोटा टक्का भरण्याची सोय, बरी पडेल असे वाटते, पण ती वर्षाच्या सुरुवातीपासूनच घेता येते. ३१ मार्चच्या आत अर्ज करा.

प्रश्न : खाणी बंद झाल्यावर दोन ट्रक कंपनीच्या मालवाहतुकीला लावले. आता तेही काम गेले. ट्रक अंगणात उभे आहेत, तरी प्राप्तिकर भरायचा? (साखळी)

ठरीव उत्पन्नाच्या योजनेत असाल तर ट्रक उभा आहे की धावतो, हे कायदा विचारत नाही. तुमच्या मालकीचा आहे एवढे पुरे. १२ टनांवरच्या ट्रकला एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला १ हजार. १६ टनांचे दोन ट्रक म्हणजे महिन्याला ३२ हजार, वर्षाला ३ लाख ८४ हजार. दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत यावर कर शून्य. म्हणजे प्राप्तिकर हे तुमचे दुखणे नाहीच, दुखणे हप्ता, विमा आणि रस्ता कराचे आहे. ट्रक वापरात नाही हे आरटीओला आधी लेखी कळवून ठेवा, नंतर सांगून उपयोग नसतो. नवे काम मिळाले की पॅनसह, १०हून अधिक गाड्या नाहीत, असे लेखी द्या, म्हणजे भाड्यातून टीडीएस कापला जाणार नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात सवलती जास्त आहेत म्हणतात. मीही माझे फॅब्रिकेशनचे शेड दोडामार्गला नेऊ का? (डिचोली)

तुम्ही कॉम्पोझिशनमध्ये १ टक्का भरता, असे पत्रात लिहिले आहे. कॉम्पोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. आज तुम्ही डिचोलीत गेट बसवता ते राज्यातले काम. शेड दोडामार्गला गेले की तोच गेट, त्याच गिऱ्हाइकाला, आंतरराज्य विक्री ठरतो. योजना गेली, पूर्ण जीएसटी लागला, महाराष्ट्राची नवी नोंदणी आली, आणि विजेचा दर इथल्याहून चढा. मागच्या वर्षाची बिलबुके काढा, गोव्यातल्या गिऱ्हाइकांची बिले एका बाजूला ठेवा. तो गठ्ठा मोठा निघाला तर शेड आहे तिथेच असू द्या.