कंडिशनर पहिल्यांदाच करतेस तर

कंडिशनरच्या कृतीत बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट, म्हणजे केस मऊ करणारा मुख्य घटक, हे नाव वाचून घाबरलीस होय? अगं, नावात सल्फेट असलं तरी हा शाम्पूतला फेसाचा सल्फेट नव्हे. ओल्या केसावर ऋण भार, याच्यावर धन. म्हणून हा केसाला, त्यातही खराब टोकांना, धरून बसतो. धुतल्यावरही पातळ थर मागं राहतो, गुंता सुटतो तो त्यानंच. याच्या मिळतात त्या तयार गोळ्या १०० ग्रॅम कंडिशनरला ४ ग्रॅम बास. गरम पाण्यात भांडं ठेवून ७५ अंशांवर वितळव. शाम्पूत मात्र मिसळू नकोस. मी हौसेनं मिसळलं, फुटलेल्या दुधासारख्या गुठळ्या! पाणी डिस्टिल्डच घे, शहापुरातल्या आमच्या बोअरचं असलं तर नकोच. प्रिझर्व्हेटिव्ह हवंच, बेळगावच्या पावसाळ्यात तर बुरशीला निमित्तच लागत नाही. आणि हा मेथोसल्फेट डोळ्यांना झोंबतो हं, जपून.