गणपतीच्या शाळेत रमलेला मुलगा वाया जाईल का?

मालवण-देवगड पट्ट्यातल्या आया मला हे फिरून फिरून विचारतात: "झील शाळेत जाणा नाय, गणपतीच्या शाळेत मात्र रात्र रात्र बसता. ह्याच्यान पोट भरतला काय त्याचा?" गणपतीची शाळा म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात ती चित्रशाळा. जून-जुलैची मासेमारी बंदी, हातात पैसा नाही आणि हाताशी आलेला मुलगा शेजारच्या वाडीत शाडू मळत बसलेला. काळजी वाटणारच.

पंधरा वर्षांचा प्रसाद (नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत) त्यातलाच. वडील ट्रॉलरवर खलाशी होते. ते गेले आणि नववीत याने दप्तर टाकलं. आई मासळी विकते. माझ्यासमोर आणून बसवला, तर मान खाली ती खालीच. 'तुला काय वाटतं?' या प्रश्नावर त्या वयाचा मुलगा बोलणार तरी काय! म्हणून मीच चित्रशाळेत गेले.

मूर्तिकारांनी त्याला आधी नुसती माती मळायला लावली होती. मग साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे पाण्याच्या ब्रशने पुसायला, मग बोटं आणि मोदक. सुकत आलेल्या मूर्तीचं बोट तुटलं तर तिथे कुणी खेकसत नाही. तुटलेली जागा ओली करायची, नवं बोट बसवायचं. कोरड्यावर तशीच माती लावली तर गळून पडते, हे त्यानेच मला समजावलं. इतकं सलग तो घरी कितीतरी दिवसांत बोलला नव्हता. हात मातीत आणि नजर मूर्तीवर असली की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, तेव्हा मुलं बोलतात. वडिलांचा विषयही त्यानेच काढला. ज्यावर घरचा गणपती बसवायचा तो पाट चित्रशाळेत नेऊन द्यायचं काम त्यांचं असायचं. यंदा ते कुणी करायचं, यावर घरात कुणी तोंडच उघडत नव्हतं.

म्हणून आईला मी सांगितलं, त्याला तिथून ओढून आणू नका. पण तिची शंका खोटी नव्हती. चतुर्थीला चित्रशाळा रिकामी होते, त्यानंतर काय? शिवाय 'शिकतोय ना' म्हणत पोराला फुकट राबवणारेही असतात. मजुरी किती आणि रात्री घरी कधी सोडणार, हे आईने स्वतः जाऊन ठरवलं. मूर्तिकार जरा नाराज झाले; होऊ देत.

चतुर्थीच्या आधीच आम्ही शाळेच्या चित्रकला शिक्षकांना गाठलं. आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट, या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा. इंटरमीजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ वाढीव गुण. या आमिषावर तो पुन्हा वर्गात बसला. गणिताच्या तासाला अजून दांडी मारतो. पुढे जायचंच झालं तर चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, मुंबईच गाठायला हवी असं नाही. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. आईला तो भरून दिला.

एक मात्र बघा. मुलगा चित्रशाळेतही गप्पच असेल, जेवण-झोप उडाली असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर मातीकामावर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.